प्रत्येक वेटोळं गोगलगायीचं नसतं

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

वाळूतल्या बारीक वेटोळ्यांचे फोटो पाहिले. 'या सगळ्या समुद्री गोगलगायीच ना?' असं तू विचारलंस. नुसत्या फोटोवरून मी हो म्हणणार नाही, तूही म्हणू नकोस. एक-दोन मिलिमीटरच्या जिवाची जात वेटोळ्यावरून ठरत नाही.

भलेभले इथे चुकले आहेत. आल्सीद दॉर्बिन्यी या फ्रेंच अभ्यासकाने १८२६ साली वाळूतल्या सूक्ष्म कवचांची मांडणी केली आणि त्यांना माकूल आणि नॉटिलस (कप्प्यांच्या वेटोळ्या कवचात राहणारा माकुळाचा नातलग) यांच्या गटात बसवलं. कप्प्याकप्प्यांची ती कवचं खरंच चिमुकल्या नॉटिलससारखी दिसतात. पुढे १८३५ साली फेलिक्स दुजार्दँने ते जीव जिवंत असताना पाहिले. आत ना पाय, ना तोंड, नुसतं जीवद्रव्य! एकपेशीय जीव ते. आज त्यांना फोरामिनिफेरा म्हणतात आणि प्राणिसृष्टीत धरतही नाहीत.

समुद्रशैवालावर चिकटलेली पांढरी वेटोळी बहुधा स्पायरॉर्बिसची असतात. तो गांडुळाच्या संघातला किडा, चुन्याच्या नळीत राहणारा. शिवाय खऱ्या शंखातसुद्धा कधीकधी खेकडा घर करून असतो.

मग गोगलगाय ओळखायची कशी? ती मृदुकाय संघातली, उदरपाद वर्गातली. सरपटायला सपाट मांसल पाय, खरवडून खायला बारीक दातांची पट्टी म्हणजे रेडुला, आणि कवच घडवणारी त्वचेची घडी म्हणजे प्रावार. पण या वर्गाची खरी खूण अळीच्या अवस्थेत दिसते. डोकं आणि पाय सोडून वरचं सगळं शरीर १८० अंशांत फिरतं आणि मागचं गुदद्वार पुढे, डोक्यावर येतं. मला आजही हे विलक्षण वाटतं. लिंपेटचं कवच टोपीसारखं, बहुतेक समुद्री स्लगना तर मोठेपणी कवचच नसतं; तरी दोघं याच वर्गातली, कारण अळी असताना दोघांचंही शरीर असंच पिळतं.

तेव्हा सुरुवात जिवंत प्राण्यापासून कर. मालवण-रत्नागिरीकडे ओहोटीला खडपावर जा. भरतीच्या रेषेजवळ, उन्हात तापलेल्या कातळाच्या भेगांत, एक सेंटीमीटरहूनही लहान लिट्टोरिना कुळातल्या गोगलगायी दाटीने बसलेल्या असतात. श्वास कल्ल्यांनी घेणारा हा प्राणी, तरी झाकण घट्ट मिटून, वाळलेल्या चिकट स्रावाने कातळाला धरून तासन्‌तास पाण्याबाहेर तग धरतो. एकच उचल, काचेच्या वाटीत समुद्राचं पाणी घेऊन त्यात ठेव आणि थांब. आधी झाकण हलेल, मग पाय, मग दोन स्पर्शिका. भिंगातून बघत चित्र काढ, फोटो नंतर. झालं की जिथून उचललीस त्याच भेगेत परत ठेव.

वाळूतली रिकामी कवचं त्यानंतर घे. फुटलेलं कवच आधी बघ: आत कप्पे दिसले तर फोरामिनिफेरा असण्याचा संभव जास्त, गोगलगायीची नळी सहसा सलग असते. टोकाचे पहिले एक-दोन वेढे बाकीच्यांहून वेगळे, बरेचदा गुळगुळीत दिसले, तर ते अळीच्या वेळचं कवच. ते टोक मोठं करून काढ, शेजारी मापाची रेघ ओढ आणि चित्रं मला पाठव.

तुझे,
सर