लिस्बनला येतोयस? आधी भाड्याचं बघ

पगाराचा आकडा बघून हुरळू नकोस. लिस्बनमध्ये त्याचा मोठा लचका घरभाडंच तोडतं. 2025 मध्ये पोर्तुगालचा किमान पगार महिना 870 युरो होता, आणि शहरात नुसत्या एका खोलीचं भाडंही त्याच्या निम्म्यापुढे सहज जातं. म्हणून तेजो नदीपलीकडे अल्मादा किंवा लोकलच्या वाटेवर आमादोरा बघ. नावेगान्ते या प्रवासकार्डाचा 40 युरोंचा पास काढलास की महिनाभर मेट्रो, बस, लोकल, बोट सगळं आलं.

अनामत देण्याआधी मालकाला स्पष्ट विचार, करार टॅक्स ऑफिसात नोंदवणार ना? काही जण टाळतात. घर बघताना कपाटामागच्या भिंतीवर हात फिरव. ओल लागली तर सरळ पुढचं घर गाठ. इथे बऱ्याच घरांत हीटिंग नसतं, मग जानेवारीत हीटरचं बिल रडवतं.

खाण्यापिण्याचं त्या मानानं सोपं. डाळी, मसाले शहरातल्या मार्तिम मोनीझ चौकात मिळतात. हॉटेलात न मागता पाव-ऑलिव्ह पुढ्यात येतात, ते फुकट नसतात हं! नको असतील तर हात न लावता परत पाठव.