भरतीच्या नदीत गळ टाकायला कोणाची परवानगी?

प्रश्न : ताई, आम्ही लंडनला राहतो. टेडिंग्टनच्या खाली, समुद्राकडच्या बाजूला, थेम्सवर मुलाला घेऊन गळ टाकायला गेलो तर काठावर 'प्रायव्हेट फिशिंग'चा बोर्ड. नदी पण प्रायव्हेट असते का? मुलगा ११ वर्षांचा आहे, पार हिरमुसून परत आला.

उत्तर : दादा, बोर्ड बघून कोणीही मागे फिरेल. पण इंग्लंडमधे रोजची भरती-ओहोटी जिथवर लागते तिथवर नदीत मासे धरायचा हक्क मुळात सगळ्यांचा, आणि थेम्सला ती हद्द टेडिंग्टनच्या लॉकपाशी (बोटी वर-खाली न्यायच्या पाण्याच्या दरवाजांपाशी) संपते, म्हणजे तुम्ही हद्दीच्या आतच होतात. काठाच्या भिंतीवर ओला काळपट पट्टा दिसतो ना, पाणी रोज चढून उतरतं तो, तीच खूण. (एखाद्या मोठ्या उधाणाला पाणी तुंबून फुगलं तेवढ्याने मात्र चालत नाही, १८८२ मधे वाय नदीच्या केसमधे कोर्टाने तसं सांगितलंय.)

मग प्रायव्हेट कुठून आलं? १२१५ च्या मॅग्ना कार्टात, म्हणजे राजाच्या अधिकारांना मर्यादा घालणाऱ्या सनदेत, थेम्स आणि मेडवे या नद्यांमधले मासे अडवायचे बांध काढा असं कलम होतं, पुढे कोर्टांनी मॅग्ना कार्टाचा अर्थ असा लावला की राजाला भरतीच्या पाण्यात कोणाला नवा खाजगी हक्क देताच येणार नाही. म्हणून आज कोणी हक्क सांगत असेल तर तो राजा दुसऱ्या हेन्रीच्या काळातला किंवा त्याआधीचा, म्हणजे ११८९ पर्यंतचा हवा, नाहीतर पार्लमेंटच्या कायद्याने मिळालेला. इतका जुना कागद कोण दाखवणार, पण पिढ्यानपिढ्या तिथे आपण एकटेच मासे धरत आलोय हे दाखवलं तर कोर्ट हक्क जुनाच असेल असं धरू शकतं. तरी सिद्ध त्याने करायचं, तुम्ही नाही!

एक गोष्ट लोक हमखास विसरतात, पाण्यावर हक्क आहे म्हणून दुसऱ्याच्या जमिनीतून पाण्यापर्यंत जायचा हक्क मिळत नाही. म्हणून बोर्डवाल्याला सरळ विचारा, काठ तुमचा की मासे? नुसता काठ असेल तर सार्वजनिक वाटेने किंवा बोटीने जा. लॉकच्या वर मात्र उलटं, तिथे बोटी सगळ्यांच्या चालल्या तरी मासेमारी सहसा काठाच्या मालकाची.

गोड्या पाण्याच्या माशांना रॉड लायसन्स, म्हणजे गळाने मासे धरायचा परवाना, भरतीच्या भागातही लागतं, १३ वर्षांखालच्या मुलांना नाही, तुम्ही गळ धरणार असाल तर काढा. १५ मार्च ते १५ जून या माशांना बंदी असते. १६ जूनला घेऊन जा त्याला, फक्त ओहोटीच्या चिखलात उतरू देऊ नका, पाय रुततो.