गोळ्या चालू आहेत, मग डॉप्लर कशाला? (आमचा अनुभव)

ताई, सासऱ्यांच्या मांडीतल्या बायपासबद्दल (तुंबलेल्या रक्तवाहिनीला वळसा घालून रक्ताला काढून दिलेली नवी वाट) तुम्ही विचारलंय की गोळ्या नेमाने चालू आहेत, तर तीन महिन्यांनी परत डॉप्लरचा, म्हणजे नसेतून रक्त नीट वाहतंय का ते बघणाऱ्या सोनोग्राफीचा, खर्च कशाला. माझ्या बाबांचाही असाच बायपास झालेला, तेही अगदी हेच म्हणायचे. मीही मान डोलवायचो.

मी डॉक्टर नाही, तेव्हा इथलं वाचून गोळ्या बदलू नका. बिडी-तंबाखूचं तुम्हाला सर्जननी ऐकवलं असेलच.

रक्त पातळ केलं की नस तुंबेल कशी, असा आमचा हिशोब होता. पण नस दोन तऱ्हांनी बंद पडते. एक गुठळी होऊन. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल त्यासाठी. दुसरी तऱ्हा म्हणजे पायातली शीर काढून जिथे जोडली तिथलं आतलं अस्तर, जखम भरावी तसं, वाढत जातं आणि वाट अरुंद होते. पहिल्या वर्ष-दोन वर्षांतलं हे दुखणं, आणि ते हमखास थांबवणारी गोळी नाही. शीर शिवण्याआधीच औषधात भिजवून बघण्याचा मोठा प्रयोग उत्तर अमेरिकेत झाला, १४०४ रुग्णांवर. २००६ साली निकाल आला, बायपास काही जास्त टिकल्या नाहीत. अरुंद नस आतून रुंद करणाऱ्या फुग्याला किंवा ती उघडी ठेवणाऱ्या जाळीला (स्टेंटला) पॅक्लिटॅक्सेल हे औषध लावतात ते हीच वाढ रोखायला, पण ती वेगळी प्रक्रिया.

तर बाबांचा डॉप्लर तिसऱ्या महिन्यात ठरला होता. निवृत्तांची वैद्यकीय बिलं बघणारं एक कार्यालय आहे, नाव घेत नाही. "रुग्ण ॲडमिट नव्हता, बिल बसत नाही." मग सर्जनचं पत्र मागितलं. ते नेलं, तर शिक्का पुसट. नवा शिक्का नेला, तर साहेब रजेवर. यात त्यांची चूक निम्मी. मंजुरी आल्यावरच तपासणी करू, हे शहाणपण माझं. गोळी एक दिवस चुकली नव्हती ना! पाच महिने असेच गेले. बाबा देवळाच्या अलीकडे पोटरी धरून थांबायला लागले होते, आम्ही ते उन्हावर ढकललं. एका पहाटे पाय गार आणि पांढरा. अरुंद झालेल्या जागी गुठळी बसली होती. तसंच तातडीने पुणे गाठलं, पाय वाचला, दोन बोटं गेली. वेळेवर दिसलं असतं तर नुसत्या फुग्यावर भागलं असतं, असं सर्जन म्हणाले. डॉप्लरला अडीच हजार लागले असते.

तेव्हा खिशातून करा, बिलाचं मागाहून भांडा. हे माझं मत, प्रत्येकाची ऐपत वेगळी, कळतं मला.

सर्जनना रिव्हरोक्साबान या रक्त पातळ करणाऱ्या गोळीबद्दल जरूर विचारा. २०२० च्या मोठ्या अभ्यासापासून पायाच्या बायपासनंतर २.५ मिलिग्रॅम दोन वेळा, ॲस्पिरिनसोबत, काहींना देतात. रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून सगळ्यांना नाही. कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं म्हणून त्याची गोळी (स्टॅटिन) बंद करू नका, शेजारचे सांगतील तरी. दात काढायचा असेल तर रक्त पातळ करणारी गोळी थांबवायची की नाही ते दातांच्या डॉक्टरांना परस्पर ठरवू देऊ नका, सर्जनना फोन करा.

आणि सासऱ्यांना विजेचे खांब मोजायला लावा. पोटरी दुखेपर्यंत किती खांब झाले ते रोज वहीत लिहायचं. आकडा घसरायला लागला की पुढच्या तारखेची वाट बघायची नाही.

आमच्या बिलाची फाईल अजून त्याच टेबलावर आहे.