बारा दिवस उलटले, आता तक्रार घेतील का?

प्रश्न : धाकटी बहीण (वय २२) मालवणजवळच्या एका रिसॉर्टवर कामाला होती. तिथल्या मॅनेजरने तिच्यावर बलात्कार केला. घरी दापोलीला आल्यावर बारा दिवसांनी तिने सांगितलं. गावकीतले म्हणतात, पैसे घेऊन मिटवा. टीव्हीवर कोर्टाचा सिनेमा पाहिल्यापासून ती म्हणते, भरकोर्टात असले प्रश्न विचारणार असतील तर तक्रारच नको.

उत्तर : मालवणला जाऊ नका, दापोली पोलीस ठाण्यातच जा. तिथे ‘झिरो’ एफआयआर, म्हणजे गुन्हा दुसऱ्या हद्दीत घडला तरी नोंदवायची फिर्याद, होतो (नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७३) आणि पुढे मालवणला वर्ग होतो. जबाब महिला अधिकाऱ्यानेच घ्यायचा, एफआयआरची प्रत फुकट मिळते. ‘तिकडेच जा’ म्हणाले, तर पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज द्या आणि पोच जपा. बलात्काराची तक्रार न नोंदवणं हा पोलिसाचाच गुन्हा आहे : न्याय संहिता कलम १९९, किमान सहा महिने सक्तमजुरी.

उशीर झाला म्हणून केस पडत नाही. पण कोणी धमकावलं, कशाची भीती वाटली, आधी कोणाला सांगितलं, हे फिर्यादीतच यायला हवं. सहा महिन्यांनी कोर्टात पहिल्यांदा सांगितलेलं कारण रचलेलं वाटतं. तीच हकिगत तिला तीनदा सांगावी लागेल : फिर्यादीत, मॅजिस्ट्रेटसमोर (नागरिक सुरक्षा संहिता, कलम १८३) आणि साक्षीत. बचावाचा वकील या तिन्हींतल्या तफावतीवर बोट ठेवतो. म्हणून अंदाजाने वेळ सांगू नये. ‘दिवे लागल्यानंतर’ एवढंच आठवत असेल, तर तेवढंच लिहून घ्यायला सांगा. वाचून पाहिल्याशिवाय सही नको.

त्या दिवसाचे कपडे धुतले असले तरी द्या, डाग कधी कधी उरतात. कागदी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये आपल्याकडच्या दमट हवेत बुरशी धरते आणि डीएनए जातो. मोबाइलमधलं काही पुसू नका, स्क्रीनशॉटवर भागत नाही. रिसॉर्टचं सीसीटीव्ही काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. ते आणि हजेरीपट ताबडतोब ताब्यात घ्यावेत, असं वेगळ्या अर्जात लिहा. ही घाई सगळ्यात मोठी.

वैद्यकीय तपासणी तिच्या संमतीनेच होते. इतक्या दिवसांनी स्वॅबमध्ये बहुधा काही सापडणार नाही. जखम नाही म्हणजे बलात्कार नाही, असंही नव्हे. तरी गर्भ आणि संसर्गाच्या चाचणीसाठी जाच. खासगी दवाखान्यातही उपचार मोफत आहेत (नागरिक सुरक्षा संहिता, कलम ३९७).

मिटवायचं म्हणाल, तर हा गुन्हा आपसात मिटवता येत नाही. स्टॅम्पपेपरवर सही करून पैसे घेतलेत, तर ‘पैशांसाठीच तक्रार’ हा बचाव तुम्हीच हातात दिलात.

भरकोर्टाची भीती मात्र काढून टाका. मालवण ज्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात येतं, तिथल्या ओरोसच्या सत्र न्यायालयात ही सुनावणी बंद दाराआड होते (नागरिक सुरक्षा संहिता, कलम ३६६). आधीच्या संबंधांवरून संमती ठरवता येत नाही (साक्ष अधिनियम, कलम ४८). उलटतपासणी कठोर असते, हे खरं. तिची ओळख छापणं गुन्हा आहे, म्हणून व्हॉट्सॲपवर तुम्हीही काही टाकू नका.

खटला सरकारी वकील चालवतात, त्यांच्या मदतीला तिला स्वतःचा वकीलही देता येतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा, स्त्रियांना तो मोफत मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही.