पेन्शनचं खातं मोबाईलला जोडू का?

प्रश्न : मी 67 वर्षांची निवृत्त शिक्षिका, चिपळूणला एकटी राहते. भाजीवालीकडे सुटे नसतात, रिक्षावाला म्हणतो, "काकू, स्कॅन करा ना." मुलानं पुण्याहून येऊन ॲप टाकून दिलं, पण पेन्शनचं खातं त्याला जोडायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. मुलगा कधी वॉलेट म्हणतो, कधी यूपीआय. दोन्ही एकच का?

उत्तर : बाई (शिक्षिका आहात, तर हेच तोंडात येतं), खातं जोडू नका. ॲप मात्र काढूही नका.

आधी फरक सांगते. वॉलेट म्हणजे पाकीट. त्यात आधी पैसे टाकायचे आणि टाकले तेवढेच खर्चायचे. यूपीआयमध्ये फोनात पैसे नसतातच, ते थेट बँकेतल्या खात्यातून जातात. यूपीआय 2016 साली आलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात नोटाबंदी झाली आणि चहावाल्यांच्या टपऱ्यांवर वॉलेटांचे कागद चिकटले. पण आपलं वॉलेट एका कंपनीचं आणि दुकानदाराचं दुसऱ्या, की अडलं. यूपीआयमध्ये तुमची बँक कोणती, ॲप कोणतं, याच्याशी समोरच्याला देणंघेणं नाही. म्हणून ते पुढे गेलं. आता बहुतेक ॲपांत दोन्ही असतं, त्यामुळे मुलाचाही शब्दांचा गोंधळ होत असणार.

मी 31 वर्षं बँकेच्या काउंटरवर काढली. माझी आई बाजाराला जाताना पदराच्या गाठीला लागतील तेवढेच पैसे बांधायची, बाकीचे ट्रंकेत. मीही तेच करते. दुसऱ्या बँकेत एक साधं बचत खातं उघडलंय, ॲपला तेवढंच जोडलंय. पेन्शन झाली की त्यात चार हजार टाकते. वीजबिल, औषधं, गॅस, एसटीचं तिकीट, सगळं त्यातून. पेन्शनच्या खात्याला फोनचा वाराही लागू देत नाही.

त्याच ॲपमध्ये 'यूपीआय लाइट' नावाचं छोटं पाकीट असतं. त्यात 5,000 रुपयांपर्यंत ठेवता येतात आणि एका वेळी हजारापर्यंत पिन न घालता देता येतात. मला ते आवडतं ते पासबुकासाठी! लाइटमधले खर्च पासबुकात एकेक करून उमटत नाहीत. नाहीतर कोथिंबीर 10, लिंबू 5, कोथिंबीर 10... अशी पानं छापून देताना आमच्या काउंटरवरचा मुलगा वैतागायचा. मात्र पिन लागत नाही, म्हणजे उघडा फोन ज्याच्या हाती त्याला ते पैसे खुले. फोनला कुलूप हवंच. मी त्यात पाचशेच ठेवते.

आता पिनचं. पैसे घेताना पिन कधीच लागत नाही. हे मला पाठ होतं, तरी काय झालं ते ऐका. जुनं लाकडी कपाट विकायला काढलं होतं. न बघताच आठ हजारांना घेतो म्हणणाऱ्यानं क्यूआर पाठवला, "स्कॅन करा मॅडम, पैसे जमा होतील." मी केला. पिन मागितला, दोन आकडे दाबलेही, आणि गॅसवरचं दूध उतू गेलं. शेगडी पुसून परत आले तेव्हा पडद्याकडे नीट बघितलं. वर लिहिलं होतं, आठ हजार द्या. कॅशियर होते हो मी! त्या दुधानं वाचवलं. तुमच्या बाबतीत दूध उतू जाईलच असं नाही, म्हणून फ्रिजवर 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर लिहून ठेवा. पैसे गेलेच तर त्याच घटकेला तिथे फोन करायचा, मुलाला नंतर.

राहिलं पैसे अडकण्याचं. खात्यातून कापले आणि भाजीवालीचा 'पैसे मिळाले' असं सांगणारा डबा काही बोललाच नाही, तर घाईनं दुसऱ्यांदा पाठवू नका. दुकानदाराला न पोचलेले पैसे पाच दिवसांत परत यावेत, त्यापुढे बँकेनं दिवसाला 100 रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा 2019 पासूनचा नियम आहे. माझे एकदा मेथीचे 40 अडकले. भाजीवाली म्हणाली, "न्या मावशी, आले की सांगते." तिसऱ्या दिवशी माझ्याच खात्यात परत आले. मग रोख नेऊन दिले.

प्रश्न : वडिलांकडे बटणांचा फोन आहे. त्यांना यातलं काही जमेल का? — एक वाचक, परभणी

उत्तर : जमेल. 2022 पासून 'यूपीआय 123पे' आहे. इंटरनेट नको, फोन लावायचा, ऐकू येईल तसे आकडे दाबायचे. आमच्या आत्यानं दोनदा केलं, तिसऱ्यांदा म्हणाली, "त्या बाईला इतकं बोलू देण्यापेक्षा मी चालत जाऊन देऊन येते." दुकान समोरच आहे तिच्या.