जिल्ह्यातल्या रुग्णालयांची आकडेवारी सार्वजनिक आरोग्याच्या कामी आणायची तर सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जिल्ह्यातल्या रुग्णालयांचे आकडे दरमहा वर जातातच, मग आरोग्य विभागाला खरोखर उपयोगी पडेल अशी सांख्यिकी सेवा उभारायला आणखी काय लागतं, आणि आधी सॉफ्टवेअर घ्यावं की माणसं?

दोन्ही नंतर. आधी नोंद कशाची करायची ते बदला. एचएमआयएसवर (आरोग्य विभागाच्या मासिक आकडेवारीच्या ऑनलाइन यंत्रणेवर) संस्थेची महिन्याची बेरीज जाते: इतक्या भरती, इतकी बाळंतपणं, इतके मृत्यू. रुग्ण कुठल्या गावचा, किती वयाचा, कशामुळे आला हे बेरीज करतानाच गळून पडतं आणि नंतर काही केल्या परत मिळत नाही. तुम्हाला हवी आहे एका डिस्चार्जमागे एक ओळ, म्हणजे रुग्णालयातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक रुग्णाची स्वतंत्र नोंद.

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली, त्यात मृत्यूही झाले. अशी लाट आकड्यांत वेळेवर दिसायची असेल तर काय लागेल? केसपेपरवर नुसतं 'पॉयझनिंग' लिहिलं, की विष पिऊन आलेले आणि फवारणीतून बाधा झालेले रुग्ण एकाच रकान्यात पडतात आणि वाढ त्यातच विरून जाते. आयसीडी-10 मध्ये, म्हणजे आजारांना कोड देणाऱ्या आंतरराष्ट्रीय यादीत, कीटकनाशकाच्या विषबाधेला टी60 हा कोड आहे, पण त्याच्या जोडीला बाह्य कारणाचा कोड हवाच: अपघाताने झाली तर एक्स48, स्वतःहून घेतलं तर एक्स68, हेतू ठरत नसेल तर वाय18. हा दुसरा कोड बहुतेक ठिकाणी रिकामा राहतो, कारण डॉक्टरला उपचारासाठी त्याची गरज नसते. एमएलसी रजिस्टर (पोलिसांना कळवाव्या लागणाऱ्या केसची नोंदवही) कोडिंग करणाऱ्याच्या, म्हणजे निदानाला कोड देणाऱ्याच्या, हाताशी ठेवा, हेतूचा उल्लेख तिथे सापडण्याची शक्यता जास्त. सर्पदंशाचंही तसंच: टी63.0 सोबत एक्स20.

ओळीत रकाने कमी ठेवा. संस्थेचा कोड, आयपीडी (भरती झालेल्या रुग्णाचा) नंबर, वय (एक वर्षाखालच्या बाळाचं दिवसांत), लिंग, राहतं गाव, भरतीची आणि डिस्चार्जची तारीख, कुठून रेफर झाला, मुख्य निदान, जास्तीत जास्त 3 इतर निदानं, बाह्य कारण, मुख्य शस्त्रक्रिया, शेवट (बरा होऊन घरी, रेफर, सल्ल्याविरुद्ध गेला, मृत्यू). पुरे. प्रत्येक समितीत कुणीतरी आणखी दहा रकाने सुचवतं. ते भरणार कोण, एवढंच विचारा.

यातला सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात वाईट भरला जाणारा रकाना म्हणजे राहतं गाव. त्याशिवाय तुमच्याकडे रुग्णालयाचे आकडे असतील, लोकसंख्येचे नव्हे. मिरजेच्या रुग्णालयांत उत्तर कर्नाटकातून रुग्ण येतात, नागपूरच्या मेडिकलमध्ये मध्य प्रदेश-छत्तीसगडमधून. उलट सिंधुदुर्गातला गंभीर रुग्ण गोव्यात बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) जातो. रुग्णालयातल्या केसना जिल्ह्याच्या लोकसंख्येने भागलं तर मिरजेचा दर फुगतो आणि सिंधुदुर्ग उगाच निरोगी दिसतो. म्हणून अंशात आणि छेदात तीच माणसं हवीत: जिल्ह्याचे रहिवासी, मग ते कुठेही भरती झालेले असोत. शेजारच्या जिल्ह्यांशी डिस्चार्जच्या ओळींची देवाणघेवाण ठरवावीच लागते.

गाव लिहिताना हमखास चुका होतात त्या अशा. पहिलं बाळंतपण माहेरी होतं आणि पत्ता माहेरचा पडतो. ऊसतोड मजूर बीडचे, पण हंगामात कारखान्याच्या फडावर, तेव्हा पत्ता कधी इथला, कधी तिथला. गावातून तालुक्याला आलेला रुग्ण नातेवाइकाचा पत्ता सांगतो. उपाय साधा आहे: 'गेल्या 6 महिन्यांत मुक्काम कुठे होता' असा प्रश्न केसपेपर खिडकीवरच विचारायचा, आणि गाव हाताने टाइप न करता केंद्र सरकारच्या एलजीडी यादीतल्या (प्रत्येक गावाला वेगळा कोड देणाऱ्या) कोडमधून निवडायचं. एकाच नावाची पाच गावं एका जिल्ह्यात असतात. साथीच्या किंवा विषबाधेच्या तपासासाठी मात्र घटना जिथे घडली ते ठिकाण लागतं, ते वेगळं विचारावं.

आता कोडिंग. मुख्य निदान म्हणजे या भरतीत ज्या आजारावर प्रामुख्याने उपचार करावे लागले तो, डिस्चार्जच्या वेळी ठरलेला. भरतीच्या वेळचा अंदाज नव्हे. मृत्यूचं मूळ कारण ही आणखी वेगळी गोष्ट: ते फॉर्म 4 (डॉक्टरने भरायचं मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र) मधल्या भाग 1 मध्ये सगळ्यात खालच्या भरलेल्या ओळीत यायला हवं. तिथे 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट' एवढंच असेल तर फॉर्म परत पाठवा. मरताना प्रत्येकाचंच हृदय थांबतं. पहिल्या वर्षी तीन अक्षरी कोडवर समाधान माना. एका केसपेपरला 5 मिनिटं धरली तर 6 तासांत 72 होतात, महिन्याच्या 22 दिवसांत दीड हजारांच्या आसपास. यावरून माणसं किती लागतील ते काढा. दरमहा काही केसपेपर दुसऱ्या माणसाकडून, पहिला कोड न दाखवता, पुन्हा कोड करून घ्या. आर ने सुरू होणारे लक्षणांचे कोड आणि 'व्हायरल फीवर' यांचं प्रमाण संस्थावार पाहत राहा. ते एकाएकी वाढलं तर बहुधा रोग नव्हे, डॉक्टर किंवा कोडर बदललेला असतो. आयसीडीची आवृत्तीही नोंदवा. डेंग्यू जुन्या यादीत ए90-ए91, सुधारित यादीत ए97 आहे, आणि जुने-नवे कोड एकमेकांना न जोडता आलेख काढला तर डेंग्यू एका वर्षात संपल्यासारखा दिसतो.

रेफरमुळे एकच माणूस ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय आणि मेडिकल कॉलेज असा तीनदा मोजला जातो. आधी एका ठिकाणचा शेवट 'रेफर' आणि दुसरीकडची भरती त्याच किंवा दुसऱ्या दिवशीची, अशा ओळी काढा. मग लिंग, गाव आणि एखाद्या वर्षाच्या फरकाने वय जुळवा. नावावर विसंबू नका, एकाच नावाची स्पेलिंगं तीन असतात.

खाटांचे आकडे तुलनेने सोपे. मध्यरात्रीच्या सेन्ससची (त्या वेळी खाटेवर असलेल्या रुग्णांच्या मोजणीची) महिन्याची बेरीज म्हणजे रुग्णदिवस. 100 खाटा, 30 दिवस, 2,400 रुग्णदिवस, म्हणजे वापर 80 टक्के. फक्त खाटा मंजूर धरल्या की प्रत्यक्ष, हे लिहून ठेवा, नाहीतर जमिनीवरच्या गाद्यांमुळे वापर 130 टक्के निघतो.

लहान संख्यांना भुलू नका. तालुक्यात गेल्या वर्षी 4 केस, यंदा 8, म्हणजे 'दुप्पट' नव्हे. आकड्यात त्याच्या वर्गमुळाची दुप्पट मिळवली आणि वजा केली की ढोबळ पल्ला कळतो: 8 चा साधारण 2 ते 14. तालुक्यांची तुलना वयोगट जुळवूनच करा आणि छेदासाठी 2011 ची जनगणना की पुढचा अंदाज, हे प्रत्येक तक्त्याखाली लिहा. जाहीर तक्त्यात 5 हून कमी आकडा झाका, म्हणजे रुग्ण ओळखू येणार नाही, आणि बेरजेवरून तो काढता येत असेल तर शेजारचाही.

खरी अडचण माणसांची आहे. जिल्हा शल्यचिकित्सक राज्याच्या आरोग्य विभागाचे, प्राथमिक केंद्रं जिल्हा परिषदेच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे, कॉलेज वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, शहर महापालिकेकडे. चौघांच्या सहीचं एकच पत्र निघाल्याशिवाय काही हलत नाही. खासगी रुग्णालयांकडे सगळ्यांत शेवटी जा आणि मोठ्यांपासून सुरू करा. जनआरोग्य योजनेच्या क्लेमसाठी ती बरीच माहिती भरतातच, तीच वापरू द्यायची परवानगी मागा. पण लक्षात ठेवा, तिथे पॅकेजचा (ठरावीक रकमेच्या उपचाराचा) कोड असतो आणि त्यावर पैसे मिळतात, त्यामुळे निदान पॅकेजकडे झुकतं. बदल्यात त्यांना दर तीन महिन्यांनी त्यांच्या स्वतःच्या आकड्यांचं एक पान द्या. तसंच तालुका आरोग्य अधिकाऱ्यालाही द्या, कारण ज्याला काहीच परत मिळत नाही तो चौथ्या महिन्यापासून मागच्याच महिन्याचे आकडे पुन्हा पाठवू लागतो.