शंभरी ओलांडलेलं घर आणि त्याचे कागद : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही पासाडेनात (कॅलिफोर्निया) क्राफ्ट्समन शैलीचं जुनं घर घेतलं. विक्रीच्या पत्रकात '१९०८, वास्तुविशारद ग्रीन बंधूंचं काम' असं होतं. काउंटीच्या (म्हणजे जिल्हा प्रशासनाच्या) नोंदीत मात्र १९१२ आणि १९३० अशी दोन वर्षं आहेत. खरं कोणतं धरायचं?

उत्तर : आधी १९३० हे साल बाजूला ठेवा. काउंटीच्या नोंदीतलं 'इफेक्टिव्ह इयर' हे कर आकारण्यापुरतं असतं. मोठी दुरुस्ती किंवा वाढीव बांधकाम झालं की ते पुढे सरकतं. १९१२ हे 'इयर बिल्ट' असणार, पण तेही पुष्कळदा मागाहून अंदाजाने भरलेलं असतं. १९०८ या आकड्याचं पासाडेनात सगळ्यांनाच प्रेम, कारण ग्रीन बंधूंचं प्रसिद्ध गॅम्बल हाउस त्या वर्षीचं. त्या बंधूंची कामं बरीच नोंदलेली आहेत. त्यांची रेखाटनं कोलंबिया विद्यापीठाच्या एव्हरी ग्रंथालयात आणि हंटिंग्टन ग्रंथालयात जपून ठेवली आहेत. तिथे तुमचं घर सापडलं नाही, तर एखाद्या स्थानिक कंत्राटदाराने नकाशांच्या पुस्तकातून निवडून बांधलेलं घर समजा. गावातली बहुतेक घरं तशीच आहेत आणि त्यात कमीपणा काही नाही.

शोधाची सुरुवात बांधकाम परवान्यापासून करा. तो पालिकेकडे मागायचा. मालक, कंत्राटदार, अंदाजे खर्च आणि तारीख एकाच कागदावर मिळते. परवाना मिळाला नाही तर खरेदीखतांची साखळी लावायची. लॉस एंजेलिस काउंटीची दस्तनोंदणी नॉरवॉकच्या कचेरीत आहे. तिथे देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या नावांची सूची असते. तुमच्या खतातला विक्रेता हा आधीच्या खतातला खरेदीदार, असं मागे मागे जायचं. लोक अडतात ते इथे : जुन्या खतात घराचा पत्ता नसतो, लॉट, ब्लॉक आणि ट्रॅक्ट (भूखंड, गट आणि वसाहत) असतो. तो आधी लिहून घ्या. शिवाय अनेक गावांत रस्त्यांचे घरक्रमांक नंतर बदलले, त्यामुळे रहिवाशांच्या जुन्या निर्देशिकेत आजचा क्रमांक शोधून भलत्याच कुटुंबाचा इतिहास हाती येतो.

खतावरून जमीन कधी विकली ते कळतं, घर कधी उभं राहिलं ते नाही. त्यासाठी कर-आकारणीच्या जुन्या वह्या बघा. जमिनीचं मोल एका रकान्यात असतं, बांधकामाचं दुसऱ्यात. दुसरा रकाना वर्षानुवर्षं कोरा असून एकदम आकडा दिसला, तर घर त्याच्या थोडं आधीचं. मग सॅनबॉर्न कंपनीचे आगविम्याचे नकाशे (बरेचसे लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर आहेत). पिवळा रंग लाकडी बांधकामाचा, गुलाबी विटांचा. 'डी' म्हणजे राहतं घर, शेजारचा आकडा मजल्यांचा. नकाशावर नंतरच्या दुरुस्तीच्या चिठ्ठ्या चिकटवत, म्हणून मुखपृष्ठावरचं साल डोळे झाकून धरू नका. नकाशात घर नाही याचा अर्थ घर नव्हतं असाही नाही, कारण गावाची कड बऱ्याचदा पाहणीतच नसे. कोण राहत होतं ते १९१० ते १९५० च्या जनगणनेत सापडतं; घर मालकीचं की भाड्याचं हे मात्र १९४० पर्यंतच्याच पानांत. १९५० च्या पुढची पानं ७२ वर्षं खुली न करण्याच्या नियमामुळे अजून बंद आहेत.

प्रश्न : हे 'सिअर्स' या टपालाने माल विकणाऱ्या कंपनीचं, कॅटलॉगमधून मागवलेलं घर असू शकेल का?

उत्तर : शक्यता कमी. सिअर्सने १९०८ पासून १९४० पर्यंत घरं टपालाने विकली, पण पश्चिम किनाऱ्यावर लाकूड मुबलक आणि लॉस एंजेलिसचीच पॅसिफिक रेडी-कट ही स्पर्धक कंपनी हाताशी. तपासायचंच असेल तर माळ्यावरच्या वाशांवर आणि तळघरातल्या तुळयांवर टोकाजवळ इंग्रजी अक्षर व आकड्यांचे शिक्के शोधा. एक ध्यानात ठेवा : सुरुवातीच्या वर्षांत लाकूड कापून येत नसे, त्यामुळे १९१२ च्या घरात शिक्का नसणं हा पुरावा ठरत नाही. छापील चित्राशी 'अगदी तसंच' दिसणं तर मुळीच नाही. सगळे एकमेकांचे नकाशे उचलत होते.

प्रश्न : जुन्या खतात 'गोऱ्यांखेरीज कुणी, नोकर सोडून, इथे राहू नये' अशी अट निघाली. ती आम्हाला लागू आहे?

उत्तर : नाही. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या १९४८ च्या शेली विरुद्ध क्रेमर निकालानंतर अशी अट न्यायालयातून बजावता येत नाही, आणि १९६८ च्या कायद्याने घरविक्रीतला वंशभेदच बेकायदा ठरला. कॅलिफोर्नियात 'रिस्ट्रिक्टिव्ह कव्हनंट मॉडिफिकेशन' हा अर्ज दस्तनोंदणी कचेरीत द्या. काउंटीचे वकील तपासतात आणि अट खोडलेली प्रत नोंदली जाते. मूळ पान नष्ट होत नाही. आमच्या मते ते बरंच आहे.

प्रश्न : आतलं लाकूडकाम पांढऱ्या रंगाने माखलंय. घासून काढू का?

उत्तर : कोरडं घासू नका. १९७८ पूर्वीच्या रंगात शिसं असू शकतं, आधी चाचणी करून घ्या. मग एखाद्या कपाटाचं दार आतून बघा; ते सहसा रंगवायचं राहून जातं आणि मूळ रूप दिसतं. तिथे कापसाने थोडं डिनेचर्ड अल्कोहोल लावा. मिनिटभरात चिकट झालं तर खाली शेलॅक (लाखेचं पॉलिश) आहे, आणि वरचा रंग तुलनेने सहज सुटण्याची आशा आहे. वार्निश असेल तर अल्कोहोलने काही होणार नाही. काम करताना खिडक्या उघड्या ठेवा आणि गॅसचा पायलट (सतत जळणारी लहान ज्योत) विझवा. हीटगन वापरलीत तर कमी आचेवर. ५९० अंश सेल्सिअसपुढे शिशाची वाफ होते, आणि लाकूड त्याआधीच काळवंडतं. दारं कॉस्टिकच्या टाकीत बुडवून देणारे भेटतील. त्यांना नाही म्हणा, कारण सांध्यांचा सरस सुटतो आणि डग्लस फर या लाकडाचे तंतू फुगून वर येतात.